भाड्याच्या घरातली मोडतोड आणि तीन महिन्यांची मुदत

मे-जून आला की बुलढाण्यात घरं बदलली जातात. शिक्षकांच्या, बँकेतल्या आणि जिल्हा परिषदेतल्या लोकांच्या बदल्या होतात, शाळा उघडायच्या आत सामान हलवायचं असतं, आणि गल्लोगल्ली ‘खोली किरायाने देणे आहे’ अशा पाट्या लागतात. शेगावात इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांच्या खोल्या रिकाम्या होतात. याच दिवसांत दारात टेम्पो उभा असताना डिपॉझिटवरून वाद पेटतो. मालक न्हाणीघराचं फुटकं दार दाखवतो, उखडलेली फरशी दाखवतो आणि म्हणतो, “हे कापून घेईन.” किरायेदार म्हणतो, “काका, आम्ही आलो तेव्हाच हे असं होतं.” कोण खरं बोलतंय हे ठरवायला दोघांकडेही कागद नसतो. मग ज्याच्या हातात पैसे आहेत त्याचं चालतं, म्हणजे बहुतेक वेळा मालकाचं, आणि वर्षानुवर्षं चांगलं राहिलेलं नातं एका दुपारी तुटतं.

हा वाद चुकीच्या वेळी होतो, असं माझं ठाम मत आहे. मोडतोडीचा विषय घर सोडताना काढायचा नसतो. ती दिसली त्या आठवड्यात, लेखी काढायचा असतो. आपल्या कायद्यात त्यासाठी एक सरळ वाट आहे आणि ती जवळपास दीडशे वर्षं जुनी आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये मालक आणि भाडेकरू यांचे परस्परांवरचे हक्क आणि जबाबदाऱ्या दिल्या आहेत. त्यातल्या खंड (एम) चा आशय असा: घर ताब्यात घेताना ज्या स्थितीत होतं त्या स्थितीत भाडेकरूनं ते राखायचं आणि मुदत संपल्यावर त्याच स्थितीत परत द्यायचं. यातून दोनच गोष्टी वगळल्या आहेत, नेहमीच्या वापरानं होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती. मालकाला किंवा त्याच्या माणसाला वाजवी वेळी घरात येऊन पाहणी करू द्यायची. दोष दिसला तर मालकानं त्याची नोटीस द्यावी किंवा घरी ठेवून जावी. तो दोष भाडेकरूच्या, त्याच्या नोकराच्या किंवा प्रतिनिधीच्या कृतीमुळे अथवा हलगर्जीमुळे झाला असेल, तर नोटिशीनंतर तीन महिन्यांच्या आत भाडेकरूनं तो दुरुस्त करून द्यायचा.

इथे नोटिशीचा हेतू काय आहे तो पाहा. आपल्याकडे नोटीस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वकिलाचं पत्र, कोर्ट आणि घर खाली करणं येतं. या खंडातली नोटीस घर खाली करायला सांगत नाही. ती दोष दाखवते आणि तो दुरुस्त करायला वेळ देते. तीन महिने हा वेळ थोडा नाही. पगारदार माणसाला सुतार शोधून, पैसे बाजूला काढून काम करून घेता येईल एवढा तो आहे. कलम १०८ मधले नियम करारात किंवा स्थानिक प्रथेत वेगळं ठरलेलं नसेल तेव्हा लागू होतात. त्यामुळे करारात पंधरा दिवसांची मुदत लिहिलेली असेल तर पंधरा दिवस धरावे लागतील. वायर उघडी पडली असेल किंवा फुटलेल्या पाइपमुळे खालच्या मजल्यावर पाणी झिरपत असेल, तर तीन महिने थांबणं कोणाच्याच हिताचं नाही. अशा वेळी त्याच दिवशी फोन करावा, काम करून घ्यावं आणि खर्च कोणाचा हे मागाहून लेखी ठरवावं.

खरी कसोटी लागते ती झीज कोणती आणि नुकसान कोणतं हे ठरवताना. ते प्रत्येक गावच्या माती-पाण्यावरही अवलंबून असतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागातून जातो. तिथे भिंतीला खालून लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात, रंग भुकटीसारखा गळतो. नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो आणि गिझरची कॉइल लवकर जाते. यातलं काहीही भाडेकरूनं केलेलं नसतं. लोणा लागलेल्या भिंतीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणं हा अन्याय आहे आणि तो आपल्याकडे सर्रास होतो. काळ्या मातीचंही तेच. उन्हाळ्यात ती आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ही भेग भाडेकरूच्या मुलांनी भिंतीवर चेंडू मारल्यानं पडत नाही. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी होऊन घरांत पाणी शिरलं होतं. अशा पुरात फुगलेलं दार आणि वाहून गेलेलं कुंपण हे कायद्याच्या भाषेत हाताबाहेरच्या आपत्तीत मोडतं.

आता दुसरी बाजू. इन्व्हर्टरची बॅटरी उघड्या फरशीवर ठेवली, तिचं ॲसिड सांडलं आणि फरशी खरबरीत होऊन पिवळी पडली, तर ती झीज नाही. कूलरचं पाणी सगळा उन्हाळा एकाच कोपऱ्यात सांडत राहिलं आणि चौकट कुजली, तर तो हलगर्जीपणा आहे. एसीच्या नळीसाठी न विचारता भिंतीला भोक पाडलं, संडासाचं भांडं फुटलं, मोरीत खरकटं टाकून पाइप तुंबला, रागाच्या भरात दार आपटून बिजागरी चौकटीतून उखडली, ही सगळी कामं भाडेकरूच्या खात्यात जातात. पाहुण्यानं किंवा कामवालीनं केलं असेल तरी मालकाला उत्तर भाडेकरूनंच द्यायचं. भिंतीतले चार-दोन खिळे मात्र मी झिजेतच धरीन. घरात माणसं राहतात, ती कॅलेंडर लावणार, देवाचा फोटो लावणार.

या दोहोंच्या मधली प्रकरणं सर्वांत जास्त असतात. दार बारा वर्षांचं जुनं, खालची फळी आधीच पावसानं मऊ झालेली, आणि भाडेकरूच्या मुलानं लाथ मारल्यावर ती फुटली. नुकसान भाडेकरूनं केलं हे खरं. पण त्याच्याकडून कोऱ्या सागवानी दाराची किंमत मागता येत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७३ भरपाई मागण्याचा हक्क देतं ते प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपुरता. बारा वर्षं वापरलेल्या दाराची फळी बदलण्याचा खर्च, एवढीच ती रक्कम. करारात ‘मोडतोड झाल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त’ असं वाक्य असलं तरी कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच पाहतं, लिहिलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादा म्हणून राहतो.

नोटीस कशी असावी ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, बुलढाण्यातल्या एका घराच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या किरायानं दिल्या आहेत. मालकिणीनं भाडेकरूला असं लिहावं:

“आपण माझ्या घराच्या पहिल्या मजल्यावरील दोन खोल्यांत १ जून २०२४ पासून भाडेकरू आहात. १२ जानेवारी २०२५ रोजी, आदल्या दिवशी आपणांस कळवून, मी घराची पाहणी केली. त्या वेळी आपण हजर होता. न्हाणीघराच्या दाराची खालची फळी फुटलेली असून वरची बिजागरी चौकटीतून उखडलेली दिसली. समोरच्या खोलीत बॅटरी ठेवलेल्या जागी चार फरशा ॲसिडने खराब झालेल्या दिसल्या. ताबा देतेवेळी या वस्तू सुस्थितीत होत्या, हे आपण सही केलेल्या ताबायादीवरून व त्या दिवशीच्या फोटोंवरून दिसते. सदर नुकसान आपल्या वापरातून झाले असल्याने ही नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत आपण स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यावी. फरशी त्याच मापाची व शक्यतो त्याच रंगाची बसवावी. काम कोणत्या दिवशी करणार ते कळवावे, म्हणजे मला हजर राहता येईल. यांपैकी एखादे नुकसान आपल्यामुळे झालेले नाही असे आपले म्हणणे असल्यास तेही लेखी कळवावे.”

यात धमकी नाही आणि कलमांची जंत्रीही नाही. कोणतं दार, किती फरशा, कधी पाहिलं, आधी कशी स्थिती होती, काय करून हवं आणि किती दिवसांत, एवढंच आहे. ‘घराची नासधूस केली आहे’ असं एक वाक्य लिहून पाठवलेली नोटीस काहीच सांगत नाही. भाडेकरूला काय दुरुस्त करायचं ते कळत नाही आणि पुढे न्यायालयालाही काय राहून गेलं ते कळत नाही. मला यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे भाडेकरूला आपली बाजू मांडायला जागा मिळते आणि वाद अनेक गोष्टींवरून एका वस्तूवर येतो. फळीचं तो मान्य करील, बिजागरी आधीच ढिली होती म्हणेल. मग बोलायचं ते फक्त बिजागरीवर.

नोटीस हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घेणं सर्वांत बरं. सही द्यायला तो तयार नसेल तर टपालानं पाठवावी. जुनी रजिस्टर्ड पोस्टाची सेवा टपाल खात्यानं २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन केली, त्यामुळे आता स्पीड पोस्टाची नोंदणी करून पावती जपून ठेवायची. योग्य पत्ता आणि टपालखर्च भरून नोंदणीनं पाठवलेलं पत्र पोचलं असं सामान्य परिभाषा अधिनियम, १८९७ चं कलम २७ गृहीत धरतं. घेणाऱ्यानं पाकीट परत पाठवलं म्हणून ते गृहीतक आपोआप संपत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो आणि नोटिशीची प्रत पाठवायला हरकत नाही, ती जोड म्हणून उपयोगी पडते. मोबाइलमधले फोटो पुढे पुरावा म्हणून दाखवायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते ज्या फोनवर काढले तो फोन आणि मूळ फाइल सांभाळावी.

पाहणीलाही शिस्त आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २८ मालकाला पाहणीचा हक्क देतं, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. दुसरी चावी आहे म्हणून माणसं नसताना घरात शिरणं या हक्कात बसत नाही. दुरुस्ती केली नाही म्हणून नळ बंद करणं किंवा मीटरची वायर काढणं तर कलम २९ प्रमाणे थेट मनाई असलेलं कृत्य आहे. न्यायालय तो पुरवठा सुरू करायला लावतं आणि शिक्षेचीही तरतूद आहे. ज्याचं दार फुटलं तो मालक अशा वेळी स्वतःच आरोपीच्या जागी जाऊन उभा राहतो.

नोटीस मिळाली, मुदत गेली, काहीच झालं नाही, मग काय? मालकानं दोन कारागिरांकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, काम करून घ्यावं, पावत्या ठेवाव्यात आणि तो खर्च मागावा. डिपॉझिटमधून वळता करायचा तर हिशेबाचा कागद भाडेकरूला द्यावा. पण दुरुस्ती केली नाही एवढ्यावरून घर खाली करून मागता येईल का? इथे बहुतेक मालकांचा गैरसमज असतो. १९९९ च्या कायद्याचं कलम १६(१)(ए) घर परत मागायचं कारण म्हणून कलम १०८ च्या खंड (ओ) चं नाव घेतं, (एम) चं नाही. खंड (ओ) बोलतो तो इमारत पाडणं, तिचं नुकसान करणं, तिला विघातक किंवा कायमची इजा पोचवणारं काही करणं याबद्दल. खराब झालेल्या चार फरशांनी इमारतीला कायमची इजा होत नाही. उलट, टाईल्स बदलल्या किंवा गॅलरी बंद करून घेतली तर ते नुकसान समजायचं नाही, असं स्पष्टीकरण त्याच कलमाखाली दिलं आहे. पुढच्या खंडात मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केल्याचं कारण आहे, पण त्यातूनही लाकडी पार्टिशन, उभा स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सिलिंग, धुराची चिमणी अशा गोष्टी वगळल्या आहेत. कायमचं बांधकाम कशाला म्हणायचं याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये व्यंकटलाल पित्ती विरुद्ध ब्राइट ब्रदर्स या मुंबईतल्या खटल्यात बऱ्याच गोष्टी विचारात घेतल्या: करणाऱ्याचा हेतू काय होता, ते इमारतीत किती रुतलं आहे, इमारतीला धक्का न लावता काढता येईल का. भाडेकरूनं मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली, तर तिथे मालकाची बाजू भक्कम होते.

बुलढाण्यातल्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘रेंट कंट्रोलर’ हा शब्द येतो, त्यामागे इतिहास आहे. वऱ्हाड आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं, त्यामुळे मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा इकडे नव्हता. इकडे १९४६ च्या कायद्याखाली काढलेला १९४९ चा आदेश होता. त्यात मालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे, मग नोटीस, मग दिवाणी दावा. या दुहेरी फेऱ्यात माणसांची उमेदीची वर्षं गेली. ३१ मार्च २००० पासून राज्यातल्या जुन्या वेगवेगळ्या कायद्यांच्या जागी १९९९ चा एकच कायदा लागू झाला आणि ही पूर्वपरवानगी संपली. आता लघुवाद न्यायालय नसलेल्या ठिकाणी दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे जातो. हा कायदा अनुसूचीत नाव असलेल्या क्षेत्रांपुरता आहे. त्याबाहेरच्या गावात १८८२ चाच कायदा धरून चालायचं.

बँकेला गाळा दिलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागांना १९९९ चा कायदा लागू नाही. तिथे करार आणि १८८२ चा कायदा. करारातली अट मोडली म्हणून पट्टा रद्द करायचा असेल, तर कलम ११४-ए प्रमाणे कोणती अट मोडली ते लिहून आणि सुधारता येण्याजोगी असेल तर सुधारायला सांगून आधी नोटीस द्यावी लागते. वाजवी काळात ती सुधारली नाही तरच दावा. म्हणजे इथेही दुरुस्तीची संधी आधी येते.

आज बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिली जातात. त्यात राहणारा कायद्यानं भाडेकरू नसून परवानाधारक असतो, आणि कलम १०८ भाडेपट्ट्याबद्दल आहे. तेव्हा तीन महिन्यांची मुदत त्याला आपोआप लागत नाही, करारात जे लिहिलं तेच. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या छापील नमुन्यात याबद्दल एखादी मोघम ओळ असते. तिच्या जागी पाहणी कशी, नोटीस किती दिवसांची, झीज कशाला म्हणायचं, हे चार वाक्यांत लिहून घ्यावं आणि ताबायादी जोडावी. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. थोडे पैसे वाचवायला नोंदणी टाळणारा मालक फुटक्या दाराच्या वादात आधीच हरलेला असतो.

भाडेकरूनंही नोटीस द्यायला शिकलं पाहिजे. घर राहण्याजोगं ठेवणं ही, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, १९९९ च्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. छत गळतंय, संडासाची टाकी भरून वाहतेय आणि मालक लक्ष देत नसेल, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. वाजवी काळात काम झालं नाही तर भाडेकरू ते स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या आत. माझ्या मते मालकाच्या नोटिशीइतकीच ही नोटीस घराला वाचवते. गळतं छत वेळेत सांगितलं नाही म्हणून फॉल्स सिलिंग कोसळलं, तर पुढे दोष कोणाचा यावर दोघंही भांडत बसतात.

केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला. राज्यानं स्वतःचा कायदा करेपर्यंत तो लागू होत नाही, पण त्यातली एक अनुसूची कोणत्याही कराराला जोडण्यासारखी आहे. भिंतींना रंग, पाइप बदलणं, वायरिंग ही कामं मालकाची. नळ आणि त्याचे वॉशर, नाली साफ करणं, स्विच-सॉकेट, कुलपं, खिडकीच्या काचा ही भाडेकरूची. खारपाणपट्ट्यात मात्र ही वाटणी जशीच्या तशी उचलू नये. तिथे तोट्या आणि गिझर पाण्यानं जातात, माणसानं नाही, म्हणून त्यांचा खर्च निम्मा-निम्मा लिहून घेणं मला न्याय्य वाटतं.

एवढं करूनही पटलं नाही, तर काही हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दावा दाखल व्हायच्या आधीची प्रकरणंही लोकअदालतीत ठेवली जातात. तिथे दोन्ही पक्ष राजी झाले तर झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसतं. तिकडे जाताना ताबायादी, फोटो, नोटिशीची प्रत, टपालाची पावती आणि कारागिराचा अंदाज एवढे कागद सोबत न्यावेत. तडजोड झाली की कोणतं काम कोण, कोणत्या तारखेपर्यंत करणार आणि डिपॉझिटपैकी किती रक्कम कधी परत मिळणार, हे निवाड्यात आकड्यांनिशी लिहून घ्यावं.